'भूमिका' म्हणजे नक्की काय? सेल्मामधल्या एका चर्चची गोष्ट

सिनॉप्सिस चाळायला घेतले की एक शब्द हमखास भेटतो. भूमिका. 'ग्रामीण विकासात सहकारी संस्थांची भूमिका', 'स्त्रीशिक्षणात मिशनरी शाळांची भूमिका', 'अमुक चळवळीत तमुक वृत्तपत्राची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास'. माझ्या स्वतःच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही तो होता. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "भूमिका म्हणजे नेमकं काय केलं? कुणी केलं? आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं?" तिन्हींपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आज हे तीन प्रश्न एका खऱ्या उदाहरणाला लावून बघू. उदाहरण अमेरिकेतलं आहे : अलाबामा राज्यातल्या सेल्मा शहरातलं ब्राउन चॅपल एएमई चर्च. 'मतदानाच्या हक्काच्या लढ्यात कृष्णवर्णीय चर्चची भूमिका' असा विषय कुणी घेतलाच, तर हे नाव टाळता येणार नाही. आणि नेमक्या याच उदाहरणात 'भूमिका' हा शब्द किती गोष्टी झाकून ठेवतो, ते स्पष्ट दिसतं.

आधी प्रश्न समजून घेऊ

कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क कागदावर कधीच मिळाला होता. अमेरिकी राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती १८७० ची. पण १९०१ मध्ये अलाबामाने आपलं नवं राज्य-संविधान केलं आणि हक्क काढून न घेता तो वापरताच येणार नाही अशी व्यवस्था केली. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर साक्षरतेची परीक्षा, घटनेवरचे प्रश्न, आधीच मतदार असलेल्या कुणाची तरी साक्ष, शिवाय मतदानासाठी डोईपट्टी. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी मंडळातला गोरा अधिकारी.

सेल्मा हे डॅलस काउंटीचं मुख्य ठिकाण. १९६० च्या सुमारास तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय नागरिक होते. त्यातले नोंदणी झालेले १५६. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. म्हणजे सकाळपासून रांगेत उभं राहायचं, दुपारी जेवायची सुट्टी म्हणून खिडकी बंद, आणि संध्याकाळी 'आजचा वेळ संपला'. सरकारी कचेरीत चकरा मारलेल्या कुणालाही हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे दिरंगाई ही चूक नव्हती, तीच पद्धत होती. केंद्रीय न्यायखात्याने १९६१ मध्ये इथल्या नोंदणी अधिकाऱ्यांवर खटला भरला, पण निकाल लागेपर्यंत आणि लागल्यावरही आकडा फारसा हलला नाही.

लढा हक्क मिळवण्याचा नव्हता, मिळालेला हक्क बजावण्याचा होता. आता त्यात चर्च कुठे येतं?

चर्चच का? साधनांचा युक्तिवाद

समाजशास्त्रज्ञ अल्डन मॉरिस यांचं १९८४ चं 'द ओरिजिन्स ऑफ द सिव्हिल राइट्स मूव्हमेंट' हे पुस्तक या प्रश्नासाठी वाचायलाच हवं. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं : चळवळ केवळ संतापातून उभी राहत नाही. तिला जागा, पैसा, निरोप पोचवायची यंत्रणा, बोलायला शिकलेली माणसं आणि नियमितपणे एकत्र यायची सवय लागते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजाकडे हे सगळं एकाच छताखाली असलेली संस्था म्हणजे चर्च.

ब्राउन चॅपलला हे लावून बघा. एएमई म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल. या पंथाची मुळं फिलाडेल्फियात आहेत. गोऱ्यांच्या चर्चमधल्या भेदभावाला कंटाळून रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये तिथे बेथेल चर्च सुरू केलं आणि १८१६ मध्ये स्वतंत्र पंथ उभा राहिला. सेल्मामधली मंडळी यादवी युद्ध संपल्यावर लगेच, १८६६ मध्ये जमली. (मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभासदांना 'मंडळी' आणि प्रमुखाला 'पाळक' म्हणतात, तेच शब्द मी इथे वापरतो आहे.) दोन मनोऱ्यांची सध्याची लाल विटांची इमारत १९०८ ची. ती ए. जे. फार्ली या कृष्णवर्णीय बांधकाम कारागिराने उभारली.

म्हणजे जागा स्वतःची. शाळा, सभागृहं, न्यायालय सगळं गोऱ्यांच्या ताब्यात असताना शेकडो माणसं बसतील अशी ही मोजक्या जागांपैकी एक. पाळकाचा पगार मंडळीच्या वर्गणीतून येणार, त्यामुळे गोरा मालक त्याला एका दिवसात कामावरून काढू शकत नाही. याउलट शिक्षक बघा : कृष्णवर्णीय समाजातला सर्वांत शिकलेला वर्ग, पण पगार गोऱ्यांच्या शिक्षण मंडळाकडून. म्हणून २२ जानेवारी १९६५ रोजी फ्रेडरिक रीस यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून जास्त शिक्षक न्यायालयावर चालत गेले, ही बातमी इतकी मोठी ठरली. ज्यांच्याकडे गमावण्यासारखं सर्वांत जास्त होतं, तेच रस्त्यावर आले होते.

युक्तिवाद पटण्यासारखा आहे ना? पण इथेच थांबलो तर फसलो.

सापळा : जे कायमच होतं, ते कारण कसं?

इमारत १९०८ पासून उभी होती. मंडळी १८६६ पासून होती. मग १९६५ च का? १९३५ किंवा १९५५ का नाही?

संशोधन पद्धतीतला हा अगदी मूलभूत मुद्दा आहे, आणि मुलाखतीत यावर हमखास पकडतात. जी गोष्ट आधीपासून तशीच होती, ती एकटी एखाद्या बदलाचं स्पष्टीकरण देऊ शकत नाही. साधनं होती म्हणून चळवळ *शक्य* होती, एवढंच आपण म्हणू शकतो. ती *घडली* का, यासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

ते शोधायला १९६३ मध्ये जाऊ. स्निक या विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता बर्नार्ड लाफायेट त्या वर्षाच्या सुरुवातीला सेल्मात आला. स्थानिक लोकांची डॅलस काउंटी व्होटर्स लीग आधीपासून होती. अमेलिया बॉइंटन आणि त्यांचे पती सॅम्युअल कित्येक वर्षं लोकांना नोंदणीचे अर्ज भरायला शिकवत होते. सॅम्युअल बॉइंटन वारले. त्यांची शोकसभा आणि मतदार नोंदणीची पहिली मोठी सभा एकत्रच १४ मे १९६३ रोजी टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरली. ती सहजासहजी भरली नाही. चर्चच्या डीकन मंडळींचा विरोध होता. पाळक एल. एल. अँडरसन अडून बसले, म्हणून दार उघडलं. सभेच्या वेळी शेरीफ जिम क्लार्क यांची माणसं हजर होतीच.

डीकनांना भित्रे म्हणून मोकळं होऊ नका. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, याच राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाँबस्फोट झाला आणि चार मुली मेल्या. सभेला जागा देणं म्हणजे काय पणाला लावणं होतं, हे त्या डीकनांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. चर्च ही फक्त इमारत नाही. रविवारी तिथे लेकरं येतात.

पुढे जुलै १९६४ मध्ये राज्य न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स हेअर यांनी मनाईहुकूम काढला : नागरी हक्क संघटनांच्या नावाखाली तीन किंवा त्याहून जास्त लोकांनी जमायचं नाही. सेल्मातल्या जाहीर सभा पुढचे कित्येक महिने बंद पडल्या. इमारती तिथेच होत्या, बाकं तिथेच होती, रविवारची उपासनाही चालू होती. पण लढ्यातली 'भूमिका' जवळपास शून्य.

हे सहा महिने माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे महिने आहेत. जे घडलं ते सगळेच लिहितात. जे घडलं नाही, त्याची नोंद घेतली की तुलना करता येते.

२ जानेवारी १९६५ रोजी ही कोंडी फुटली. लीगच्या निमंत्रणावरून मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ब्राउन चॅपलमध्ये सुमारे ७०० लोकांसमोर बोलले. मनाईहुकूम धाब्यावर बसवून. शेरीफ क्लार्क त्या दिवशी शहरात नव्हते, फुटबॉलचा सामना बघायला मायामीला गेले होते. पाळक होते पी. एच. लुइस.

म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागल्या : बोलावणारी स्थानिक संघटना, बाहेरून येणारी ताकद, आणि दार उघडणारं चर्च. यातली तिसरी गोष्ट आपोआप होत नाही. तो निर्णय असतो, आणि निर्णय कुणीतरी घेतलेला असतो.

आता इथून एक चांगलं गृहीतक निघू शकतं. बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. पाळकाला नेमणारी तीच आणि काढणारीही तीच. एएमई पंथात पाळकाची नेमणूक बिशप करतो. मग वरून नेमलेल्या पाळकाला स्थानिक दबाव झुगारणं सोपं जातं का? गृहीतक म्हणून छान आहे. पण ब्राउन चॅपलच्याच रस्त्यावरचं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च बघा. तेही चळवळीला खुलं होतं, स्निकचं बरंच काम तिथून चाललं. म्हणजे गृहीतक एवढं सरळ नाही. विरुद्ध उदाहरण सापडलं की निराश होऊ नका, प्रकरण तिथूनच सुरू होतं.

'भूमिका'ऐवजी क्रियापदं लिहा

माझ्या गाईडचा पहिला प्रश्न : नेमकं काय केलं? याचं उत्तर नामांनी देऊ नका, क्रियापदांनी द्या. जानेवारी ते मार्च १९६५ या काळात ब्राउन चॅपलमध्ये काय काय झालं, ते असं मांडता येईल.

*जमवलं.* जवळजवळ रोज सभा. प्रार्थना, गाणी, कालच्या अटकांची माहिती, उद्याचा बेत, वर्गणी. उपासनेचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. त्यात राजकीय मजकूर भरला गेला. नवख्या माणसाला 'सभेला चल' म्हणण्यापेक्षा 'चर्चला चल' म्हणणं सोपं.

*पाठवलं.* १८ जानेवारीपासून लोक इथून निघून न्यायालयाच्या दारात नोंदणीसाठी रांग लावू लागले. अटका झाल्या की दुसऱ्या दिवशी नवी रांग.

*ऐकून घेतलं.* ४ फेब्रुवारीला, किंग तुरुंगात असताना, माल्कम एक्स याच व्यासपीठावरून बोलले. अहिंसेबद्दल ज्यांचं मत अगदी वेगळं होतं अशा माणसालाही या चर्चने जागा दिली. 'चर्चचा विचार' असा एकच विचार होता, असं लिहिण्याआधी हे आठवा.

*शोक केला, आणि शोकाला दिशा दिली.* १८ फेब्रुवारीच्या रात्री शेजारच्या मॅरियन गावात चर्चमधून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला. त्यात जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या तरुणाला गोळी लागली. तो स्वतः आपल्या चर्चमध्ये डीकन होता. २६ तारखेला तो गेला. राजधानी माँटगोमेरीपर्यंत चालत जायची कल्पना जेम्स बेव्हेल यांनी या मृत्यूनंतर मांडली.

*आसरा दिला.* ७ मार्च, रविवार. सुमारे ६०० लोक ब्राउन चॅपलपासून निघाले. पुढे होझिया विल्यम्स आणि जॉन लुइस. एडमंड पेटस पूल ओलांडल्यावर राज्य पोलीस आणि शेरीफच्या घोडेस्वारांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून त्यांना मागे हटवलं. लोक पळत परत आले ते चर्चकडेच. शेजारच्या पाळकनिवासात जखमींवर पहिले उपचार झाले. जिथून निघालो तिथेच परत यायला जागा असणं, ही गोष्ट चळवळीच्या इतिहासात सहसा मोजली जात नाही.

*वाट पाहिली.* ९ मार्चला किंग पुलापर्यंत नेऊन मोर्चा परत घेऊन आले. त्या रात्री मोर्चासाठी आलेले गोरे पाळक जेम्स रीब यांना मारहाण झाली, दोन दिवसांनी ते गेले. पोलिसांनी चर्चसमोरच्या रस्त्यावर दोरी बांधून लोकांना अडवलं. लोक रात्रंदिवस, पावसातही तिथे उभे राहिले आणि त्या दोरीला 'बर्लिनची भिंत' म्हणू लागले. १५ मार्चला रीब यांची शोकसभा ब्राउन चॅपलमध्येच झाली.

अखेर केंद्रीय न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी परवानगी दिल्यावर २१ मार्चला सुमारे ३,२०० लोक पुन्हा इथूनच निघाले. ५४ मैल चालून २५ मार्चला माँटगोमेरीत पोचेपर्यंत जमाव सुमारे २५,००० झाला होता.

सहा क्रियापदं. यातल्या प्रत्येकासाठी पुरावा वेगळा लागतो. 'भूमिका' या एका शब्दात ते सगळं गुंडाळलं असतं, तर काय शोधायचं हेच कळलं नसतं.

एक धागा नागपूरचा

मला स्वतःला या विषयाकडे खेचणारी एक गोष्ट सांगतो. जेम्स लॉसन हा अमेरिकी मेथडिस्ट तरुण १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. गांधींच्या सत्याग्रहाचा त्याने इथे जवळून अभ्यास केला. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमीही त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर त्याने नॅशव्हिलमध्ये एका चर्चच्या खोलीत अहिंसक प्रतिकाराची शिबिरं घेतली. त्या शिबिरांतले विद्यार्थी कोण? जॉन लुइस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट, डायन नॅश. वर आलेली नावं पुन्हा एकदा तपासा.

आता इथे मोह होतो : 'सेल्माच्या लढ्यात नागपूरची भूमिका'! थांबा. लॉसन नागपूरला येण्याआधीच युद्धसेवेला नकार देऊन तुरुंगात गेला होता. अहिंसा त्याच्याकडे आधीपासून होती. आपण फक्त एवढं दाखवू शकतो की एक विशिष्ट तंत्र काही विशिष्ट माणसांमार्फत, बऱ्याचदा चर्चच्या खोल्यांमधून, इथून तिथे पोचलं. तेवढं दाखवता आलं तरी तो उत्तम शोधनिबंध आहे. अभिमानासाठी पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नका.

कुणी केलं?

दुसरा प्रश्न. त्या काळातले फोटो बघितले तर पुढच्या रांगेत बहुतेक सूट घातलेले पाळक दिसतात. पण नोंदणीचा अर्ज कसा भरायचा हे शिकवणारे वर्ग मेरी फॉस्टर चालवत होत्या. त्या दातांच्या दवाखान्यात काम करायच्या. अमेलिया बॉइंटन यांचं कार्यालय चळवळीचा अड्डा होतं आणि ७ मार्चला पुलावर बेशुद्ध पडलेल्या त्यांचा फोटो जगभर गेला. चर्चला लागूनच असलेल्या कार्व्हर होम्स या सरकारी वसाहतीतल्या कुटुंबांनी बाहेरून आलेल्या शेकडो लोकांना घरात ठेवलं, जेवू घातलं.

'चर्चने केलं' हे वाक्य व्याकरणाने बरोबर असलं तरी संशोधनात अपुरं आहे. चार्ल्स पेन यांचं मिसिसिपीवरचं पुस्तक (१९९५) याच मुद्द्यावर भर देतं : अनेक ठिकाणी पाळक मागे राहिले आणि साध्या सभासदांनी, विशेषतः स्त्रियांनी, चर्चला चळवळीत ओढलं. मॉरिस आणि पेन शेजारी ठेवून वाचा. तुमचा साहित्य-आढावा तिथेच आकार घेईल.

साधनांबद्दल एक सूचना. फोटो पुढची रांग दाखवतात. न्यायालयीन कागदपत्रं मोर्चाचं नियोजन तपशिलात दाखवतात, कारण न्यायाधीश जॉन्सन यांच्यासमोर आराखडा सादर करावा लागला होता. मौखिक मुलाखती स्वयंपाकघर आणि भीती दाखवतात, पण बहुतेक मुलाखती कायदा झाल्यानंतरच्या, विजय माहीत असलेल्या माणसांच्या आहेत. ज्यांनी दार उघडलं नाही, त्यांच्या मुलाखती कोण घेतो?

केलं नसतं तर?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. ६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. साक्षरतेच्या परीक्षा थांबल्या, केंद्राचे अधिकारी नोंदणीसाठी आले, आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घेणं बंधनकारक झालं. पुढच्याच वर्षी, १९६६ च्या प्राथमिक निवडणुकीत शेरीफ क्लार्क हरले. कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या सहा पेट्यांची मतं बाद करण्याचा प्रयत्न झाला, तो न्यायालयाने हाणून पाडला.

हे सगळं ब्राउन चॅपलमुळे झालं का? नाही. मतदानाच्या कायद्याच्या मसुद्यावर सरकारात मार्चच्या आधीच काम सुरू झालं होतं. पुलावरचा मार दूरचित्रवाणीवर दिसला नसता तर वेग आला नसता. काँग्रेसमधली मतं वेगळ्या कारणांनीही जुळली. पण साखळी उलट्या दिशेने तपासा : कायद्याच्या घाईमागे पुलावरची दृश्यं, दृश्यांमागे ६०० माणसं, आणि जवळपास दोन महिने अटका सोसूनही ती ६०० माणसं टिकून राहण्यामागे रोज उघडणारं एक दार. पहिल्या कड्या चर्चशिवाय जुळल्या असत्या असं वाटत नाही. शेवटच्या कड्या चर्चच्या हातात नव्हत्या. प्रबंधात इतकं नेमकं लिहिता आलं, तर 'अत्यंत मोलाची भूमिका बजावली' हे वाक्य लागणारच नाही.

गोष्ट संपलेलीही नाही. २०१३ मध्ये अलाबामाच्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, कुठल्या राज्यांना पूर्वमंजुरी लागू करायची हे ठरवणारं सूत्र रद्द केलं. त्यामुळे पूर्वमंजुरीची तरतूद व्यवहारात थांबली. आणि २०२२ मध्ये ब्राउन चॅपलचं नाव अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आलं. कायदाही आणि इमारतही, दोन्हींची डागडुजी कुणीतरी करत राहावी लागते.

जाता जाता गृहपाठ. 'मतदान हक्काच्या लढ्यात कृष्णवर्णीय चर्चची भूमिका' हा विषय मी आज असा लिहीन : '१९६३ ते १९६५ या काळात सेल्मातल्या कोणत्या चर्चनी सभांसाठी दार उघडलं, कोणत्यांनी नाही, आणि तो निर्णय कुणी घेतला?' तुमच्या सिनॉप्सिसमधला 'भूमिका' हा शब्द खोडा, त्या जागी एक क्रियापद, एक कर्ता आणि एक कालखंड लिहा. वाक्य लांब होईल, विषय लहान होईल. गाईड पेन्सिल खाली ठेवतील.